रिक्षावाल्या मामांना, मम्मीच्या एकेका उपासनेसाठी मनापासून थँक्यू

मामा, नमस्कार.

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "ऱ्हाऊ दे की ताई" म्हणून किक मारता, म्हणून लिहून सांगतेय आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडच लिहितेय.

मम्मीचे गुडघे गेले त्याला चार वर्षं झाली. मी पुण्यात, भाऊ दुबईला. एखादा साधा रविवार हुकला तर ती गप्प बसते पण चर्चमधली स्पेशल उपासना एक पण सोडायची नाही, आणि त्या काय थोड्या असतात होय! राखेचा बुधवार झाला की उपवासकाळाचे 40 दिवस (त्यात रविवार धरत नाहीत), मग झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी), उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, ईस्टरची पहाट, पुढं पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरला तो सण), दिवाळीनंतर पिकांचा सण, डिसेंबरात नाताळच्या तयारीचा आगमनकाळ, नाताळ आणि 31 च्या रात्रीची वॉचनाईट उपासना. हे सगळं तुम्हाला आता माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

उत्तम शुक्रवारचं तर मी विसरूच शकत नाही. 12 ते 3 उपासना, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकेक संदेश, मध्ये गीतं. तुमच्या आधी एकजण "तीनला येतो" म्हणून सोडून गेला तो आलाच नाही, पांढऱ्या साडीत मम्मी पाऊण तास एप्रिलच्या उन्हात गेटवर उभी होती, मी फोनवर नुसती रडत होते. तुम्ही पहिल्यांदा आला त्या वर्षी मात्र तिन्ही तास बाहेर झाडाखाली थांबला, स्पीकरवर सगळं ऐकलंत, आणि ती बाहेर आल्या आल्या बाटली पुढं केली, "बाई, आत तहान लागल्याचं सांगत हुते, तुम्हीबी सकाळपासनं पाणी प्याला न्हाईसा." पाचव्या, "मला तहान लागली आहे" या उद्गारावरचे इतके संदेश तिनं ऐकलेत, पण अजून सांगताना तुमचंच सांगते.

आणि तुमचा तो प्रश्न, ईस्टर दरवर्षी हलतो कसा? मम्मी शाळेत शिकवायची ना, तिला तर आनंदच झाला. 21 मार्च धरायचा, त्या दिवशी किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार, म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिलच्या मध्ये कधीपण येतो. तुम्ही लगेच म्हणाला, "म्हंजे आमच्या जोतिबाच्या यात्रंगतच की, चंद्रावर!" खरंय, 2023 ला चैत्र पौर्णिमेची हनुमान जयंती 6 एप्रिलला आणि उत्तम शुक्रवार 7 ला आला होता. आता पंचांगात पौर्णिमा बघून तुम्हीच तिला आधी फोन करता, "बाई, पहाटे चारला येतो, शाल घ्या." अंधारात कबरस्थानात पप्पांच्या कबरीवर मेणबत्ती लावून ती पुनरुत्थानाची गाणी म्हणते, तुम्ही तिचा हात धरून ओळीत उभे असता. तो हात माझा असायला पाहिजे होता मामा.

पिकांच्या सणाचं पण लिहिते. लोक ऊस, तांदूळ, केळी, कोंबड्या आणून वेदीपुढं ठेवतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. मम्मी परड्यातली चार लिंबं घेऊन निघाली होती, तुम्ही गावाकडनं नव्या गुळाची ढेप आणली आणि "बाईंच्या नावानं ठेवा" म्हणाला. भाडं वाढवून दिलं तर परत देता, वेटिंगचं तर कधीच घेतलं नाही.

नाताळला यंदा मी येतेय, आठ दिवस. करंज्या, शंकरपाळ्या घेऊन तुमच्या घरी येणार, मामींना सांगून ठेवा. 31 ला रात्री साडेदहाला तिला न्यायला या, बारा वाजता प्रार्थनेत नवीन वर्ष लागतं मग सगळ्यांना हॅपी न्यू इयर करत बाहेर यायला साडेबारा होतात. या वेळी बाहेर थांबू नका, आत आमच्याशेजारी बसा, मम्मीनं जागा धरायला सांगितलीय.

तुमची,
बाईंची धाकटी लेक