वायपर अजून परदेशातच आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आलिशान गाड्यांवरचा लेख काल दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तो आपलंच काही चुकतंय का, हे बघायला. परक्या देशात गाडी विकायची म्हणजे कंपन्या तिथल्या गिऱ्हाइकाचं मन कसं ओळखतात, यावर लेखकाने पान भरलंय. गिऱ्हाइकाचं ओळखत असतील. पण गाडी चालवतो मी. गेली सव्वीस वर्षं, दुसऱ्यांच्या.

सध्या हातात असलेल्या गाडीचं नाव लिहीत नाही, मालकांची आहे. मूळची डाव्या स्टिअरिंगची, विकताना उजव्या स्टिअरिंगची केलेली. म्हणजे स्टिअरिंग आलं, पेडल आली, मीटर आले. वायपर मात्र यायचे राहिले. ते अजूनही डावीकडे ड्रायव्हर बसलाय अशा समजुतीने फिरतात. डावीकडची काच अगदी कडेच्या, छप्पर पेलणाऱ्या खांबापर्यंत लखलखीत. माझ्या बाजूला खांबाला लागून चार बोटं रुंद पट्टा तसाच, पाण्याने भरलेला. उजवीकडचं वळण आलं की मला नेमकं त्याच पट्ट्यातून बघायचं असतं. मग मान पुढे काढायची, डावीकडे कलायची, कासवासारखी.

गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी त्या पट्ट्याआड एक सायकलवाला अख्खा मावला. सायकलीसकट. ब्रेक वेळेवर लागला म्हणून हे पत्र लिहितोय. मालक मागून म्हणाले, "जरा सांभाळून." त्यांचंही बरोबर आहे. त्यांच्या खिडकीतून तो स्पष्ट दिसत होता.

सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार केली तर तिथला टाय लावलेला मुलगा म्हणाला, "डिझाइनच तसं आहे." बॉनेटचा खटकाही डावीकडे, शेजारच्या सीटच्या पायाशी राहिलाय, हे मग मी बोललोच नाही.

बदल करता येत नाहीत असं कुणी सांगू नये. अमेरिकेने १९७४पासून पुढेमागे ताशी पाच मैलांचा धक्का सोसणारे बंपर मागितले, तेव्हा भल्या भल्या युरोपी गाड्यांनी ओठ सुजल्यासारखे बंपर लावले की नाही? कायदा होता, म्हणून लावले. चीनमध्ये मालक मागे बसतो असं कळल्यावर मर्सिडीजने ई-क्लास १४० मिलीमीटरने लांब केली. चौदा सेंटिमीटर, सगळे मागच्या माणसाच्या गुडघ्यांसाठी. हेडलाइटचंही तेच. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा दिवा उजवीकडे वर झुकतो. तो तसाच ठेवला तर डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून निमूट बदलतात. वायपर पुसतो किती ते शोरूममध्ये कोण बघतं? तिथे पाऊस नसतो.

टोयोटाने लेक्सस ही आपली आलिशान गाडी काढण्याआधी, १९८५मध्ये, आपली माणसं कॅलिफोर्नियात राहायला पाठवली होती. लोक कसे जगतात, गाडीकडून काय मागतात, हे बघायला. गाडी आली १९८९मध्ये. आमच्या गाडीच्या कंपनीने कुणाला राहायला पाठवू नये, खर्च होईल. एका माणसाला पावसात एक तास माझ्या सीटवर बसवावं. चहा मी पाजतो.

ता. क. : लेखासोबतचा फोटो. त्यात स्टिअरिंग उजवीकडे दिसतंय खरं, पण नंबरप्लेटवरची अक्षरं उलटी आहेत. म्हणजे आपण डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा फोटो आरशात बघावा तसा फिरवून छापलात. या पद्धतीने निदान वायपर तरी माझ्या बाजूला आले, हे मान्य करतो. आणि रविवारी शब्दकोड्याचं उत्तर छापायचं आपण पुन्हा विसरलात. आडवा सतरा काय होता?

कळावे,
आपला नियमित वाचक, एक ड्रायव्हर