बाळूमामाचा चहा

मिरज, रविवार

चि. समीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मंगळवारी फोनवर तुझ्या मित्राबद्दल, अमेयबद्दल, मी जो शब्द वापरला, तो माझ्या तोंडी यायला नको होता. वर्गात मुलांना तोंड सांभाळून बोलायला शिकवण्यात माझे आयुष्य गेले आणि स्वतःच्या मुलाशी बोलताना मला ते साधले नाही. अमेयने साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात सोबत करणारा माणूस, म्हणून तुझे नाव लिहून दिले, ही गोष्ट तू भाजी आणल्याइतक्या सहजपणे सांगितलीस, त्यामुळे मी आधी घाबरले आणि मग चिडले. मानसिक आजार असलेल्या माणसाला २०१७ च्या कायद्याने तो अधिकार दिला आहे, हे बाबांनी नंतर मला वाचून दाखवले. कायदा मला समजला. पण अमेय पहाटे तीनला तबला घेऊन बसतो, तेव्हा तू झोपतोस कधी, हा माझा प्रश्न तसाच राहिला.

तू सांगितलेला ‘द सोलोइस्ट’ काल रात्री आम्ही दोघांनी पाहिला. २००९ चा हा चित्रपट बाबांना थोडा लांबलेला वाटला. मला मात्र ते दोन तारांचे व्हायोलिन अजून ऐकू येते. आपल्या गल्लीत दिवसभर सतार-तंबोऱ्यांना जवारी लावण्याचे, म्हणजे तारांचा झंकार जुळवण्याचे, काम चालते, त्यामुळे एक तार उतरली तरी कान टवकारण्याची मला सवय आहे, आणि मनाचा आजार असलेला, रस्त्यावर राहणारा तो वादक नॅथॅनियल लॉस एंजेलिसच्या त्या गोंगाटात उरलेल्या दोन तारांवर सूर शोधत बसतो. खरा नॅथॅनियल एअर्स न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीत विद्यालयात डबल बास शिकत होता, चित्रपटात त्याचा सेलो केला, असे बाबा म्हणाले. ते चालेल. मला खटकले ते हे, की खऱ्या स्टीव्ह लोपेझचा, म्हणजे त्याला मदत करणाऱ्या पत्रकाराचा, संसार नीट चाललेला असताना चित्रपटात त्याचा घटस्फोट झालेला दाखवला आहे. मित्रासाठी झटणाऱ्या माणसाची घरी कोणी वाट पाहत नाही, असे दाखवले की गोष्ट सोपी होते. वाट पाहणारे माणूस असले, की रात्री दोन वाजता त्याचाही डोळा लागत नाही, हे मग दाखवावे लागत नाही.

पुन्हा झोपेवरच आले. क्षमा कर.

नॅथॅनियल कागदांवर आपल्या आजाराचे नाव वाचतो आणि लोपेझच्या अंगावर धावून जातो, त्या ठिकाणी मी बाबांना चित्रपट थांबवायला सांगितला. बाळूमामाबद्दल आम्ही तुला फारसे कधी सांगितले नाही. तो पेटी फार सुरेख वाजवायचा. उरुसात दर्ग्याच्या आवारात गाणे असे, तेव्हा तो मला सायकलवर पुढे बसवून न्यायचा आणि पहाटे घरी येताना वाटेत पुन्हा त्याच चिजा गुणगुणायचा. मग तेविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू येऊ लागले. गोळ्या घ्यायला तो तयार नव्हता, म्हणून आजीच्या सांगण्यावरून मी त्या कुटून त्याच्या चहात घालत असे. तीन महिने त्याला बरे वाटत होते. एके दिवशी कपाच्या तळाशी त्याला पांढरा गाळ दिसला. तो ओरडला नाही, कप बशीत पालथा घातला आणि त्यानंतर माझ्या हातचे पाणीसुद्धा प्यायला नाही. पुढचे तुला माहीत आहे.

म्हणून सांगते, अमेयच्या बाबतीत असे कधी करू नकोस. डॉक्टरांकडे न्यायचे असेल, तर फिरायला जाऊ म्हणून नेऊ नकोस, डॉक्टरांकडे जायचे आहे असेच सांग. गोळ्यांनी हात जड होतात आणि तबल्यावर बोल उमटत नाहीत अशी त्याची तक्रार असेल, तर गोळ्या सोडू नको एवढेच म्हणून थांबू नकोस, ती तक्रार जशीच्या तशी डॉक्टरांच्या कानावर घाल. आणि त्याला बरे करण्याचा विडा उचलू नकोस. लोपेझनेही तेच करून पाहिले, शेवटी नॅथॅनियलला राहायला खोली मिळाली, बहीण भेटली, आजार मात्र होता तिथेच राहिला. रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या मदतीच्या, क्रमांकावर फोन कर. तो सरकारी आहे आणि मोफत आहे. हे सगळे तुला माझ्याआधीच ठाऊक असणार. मी उगाच तास घेत बसले.

तू त्याला सोडून ये, असे मी मंगळवारी म्हणाले होते. आज तसे म्हणत नाही. माझ्याच्याने जे झाले नाही ते तू करतो आहेस, हे बाबांजवळ बोलले, तेव्हा ते काही न बोलता गॅलरीत जाऊन उभे राहिले. तरीही आठवड्यातल्या दोन रात्री तू नितीनकडे झोपायला जावेस आणि त्या रात्री अमेयजवळ त्याच्या मावशीने राहावे, एवढे तरी तिच्याशी बोलून ठरव.

शनिवारी पिंट्याबरोबर लाडू पाठवते. अमेयचा डबा वेगळा आहे. त्यात बेसन, तूप, साखर आणि वेलची आहे, दुसरे काही नाही, हे माझ्या नावाने त्याला सांग.

तुझी,
आई

ता. क. काल रात्री किती वाजता झोपलास, ते कळव.