नमुने गावाचे, मग निष्कर्षही गावाला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खेड्यापाड्यांत आरोग्य-सर्वेक्षणं होतात, रक्ताचे नमुने घेतले जातात, संमतिपत्रावर अंगठे उमटतात. पण अनेकदा आपलं हिमोग्लोबिन किती निघालं, हे नमुना देणाऱ्या बाईला कधीच कळत नाही. याला लोकसहभाग म्हणणं चूक आहे.

गावाला सोबत घेतलं की काय घडतं, हे गडचिरोलीत दिसलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत तिथल्याच, बेताच्या शिकलेल्या बायकांना बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं शिकवलं. तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

माहितीचा खरेपणाही गावावरच अवलंबून असतो. ‘तुम्हाला मुलं किती?’ असं विचारलं की आई हयात मुलंच मोजते. त्याऐवजी पहिल्या गरोदरपणापासून ओळीने विचारावं लागतं: बाळ जन्मलं तेव्हा रडलं का, हललं का, किती दिवस जगलं? त्याशिवाय मृतजन्म आणि नवजात मृत्यू वेगळे काढता येत नाहीत. सासू शेजारी बसली असेल तर हे प्रश्न विचारूच नयेत. गावची बोली जाणणाऱ्या बाईकडून प्रश्नावली आधी तपासून घ्यावी आणि त्या कामाचे पैसे तिला द्यावेत. रोवणीच्या दिवसांत दुपारी गेलात तर घरी म्हातारे आणि आजारी तेवढेच भेटतात. मग आजाराचं प्रमाण फुगलेलं दिसतं.

सरपंचांची सही झाली म्हणजे गावाची संमती मिळाली, असं अनेक पथकं धरून चालतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समूहाची परवानगी व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. वाड्यावस्त्यांवर आणखी एक जपावं लागतं: चाळीस घरांच्या पाड्यात ‘एक क्षयरुग्ण आढळला’ एवढं जाहीर केलं तरी माणूस ओळखू येतो. म्हणून प्रत्येकाचा अहवाल त्याच्याच हातात द्यावा. ग्रामसभेपुढे अनेक गावांचे एकत्रित आकडेच मांडावेत.

संशोधनाला निधी देणाऱ्यांनी अंदाजपत्रकातच निष्कर्ष गावात नेण्याचा खर्च वेगळा दाखवायला लावावा आणि ती बैठक झाल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये.

आपले,
सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील कार्यकर्ते, नागपूर