आईची झोप कोणत्या रकान्यात लिहायची?

माननीय दिव्यांग कल्याण मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही. आता तो पंधरा वर्षांचा आहे. त्याच्या नावाने भरलेल्या प्रत्येक फॉर्मात अपंगत्वाची टक्केवारी विचारली, उत्पन्न विचारलं. त्याला सांभाळणारी बाई रात्री किती झोपते, ती आजारी पडली तर मुलाकडे कोण बघतं, हे कुठेच विचारलेलं नाही. म्हणून हे पत्र.

त्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही. एकाच जागी दाब येत राहिला की कातडी लाल होते, मग जखम होते आणि ती लवकर भरत नाही. त्यामुळे रात्रीतून दर दोन-तीन तासांनी उठून त्याला वळवायचं, गुडघ्यांमध्ये उशी सरकवायची. त्याला गिळायला त्रास होतो. मान किंचित पुढे धरून छोटा घास द्यायचा, तो गिळला याची खात्री करायची, मगच पुढचा. घाई केली की ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते. जेवण झाल्यावर लगेच आडवंही करता येत नाही. एकेका जेवणाला तासभर सहज जातो. शिवाय पलंगावरून व्हीलचेअरवर, तिथून न्हाणीघरात. त्याचं वजन वाढतंय आणि माझं वयही.

फिजिओथेरपिस्ट घरी करायचे व्यायाम लिहून देतात, बोलण्या-गिळण्याचा सराव घेणारे स्पीचवाले त्यांचे, रोजची कामं करायला शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपीवाले त्यांचे. प्रत्येकाचं म्हणणं योग्यच असतं. पण हे सगळे कागद एकत्र ठेवून ते एका बाईच्या दिवसात बसतात का, हे कुणीच बघत नाही. नाही बसले तर बोल आईलाच लागतो. वर, स्वतःसाठी वेळ काढा, असा सल्ला मिळतो. तो वेळ काढायचा कुठून?

मुलाचे वडील हातभार लावतात. पण दोघांपैकी एकाचीच नोकरी टिकणार असेल तर घरी बहुतेक आईच थांबते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी देखभालीच्या कामाचे तीन-चतुर्थांशांहून जास्त तास बायकाच भरतात. त्यात आमच्यासारखीचं काम मूल मोठं झाल्यावरही हलकं होत नाही.

आमचं कौतुक फार होतं. कौतुकाचा मला राग नाही, पण त्याने पाठ दुखायची थांबत नाही. मला तास हवे आहेत. आठवड्यातून काही तास प्रशिक्षित माणूस घरी यावा, ज्याला उचलायचं कसं, भरवायचं कसं, फिट आली तर काय करायचं हे ठाऊक आहे. शेजारीण कितीही मायेची असली तरी या मुलाला तिच्या भरवशावर सोडता येत नाही. आणि आई रुग्णालयात असेल तेव्हा मुलाला काही दिवस सुरक्षित ठेवता येईल अशी जागा हवी.

ही मागणी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क कराराच्या कलम 28 मध्ये गरिबीत जगणाऱ्या अशा कुटुंबांसाठी प्रशिक्षण, समुपदेशन, आर्थिक मदत आणि देखभालीतून तात्पुरती विश्रांती यांचा स्पष्ट उल्लेख आहे. माझ्या मते तिथून सुरुवात करून ही सोय सगळ्यांपर्यंत न्यावी, कारण झोपमोड उत्पन्न बघून होत नाही. देखभाल करणाऱ्यावरचा ताण मोजण्यासाठी अमेरिकी संशोधक झारिट यांची प्रश्नावली 1980 पासून उपलब्ध आहे. मुलाच्या तपासणीच्या दिवशीच आईलाही असे प्रश्न विचारता येतील. उत्तरं वाईट आली तर त्याच दिवशी तिला मदतीशी जोडून द्या, नुसती नोंद करून घरी पाठवू नका.

माझं हर्नियाचं ऑपरेशन मी पुढे ढकलत आले आहे. त्यानंतर काही आठवडे वजन उचलायला मनाई असेल. त्या आठवड्यांत माझ्या मुलाला पलंगावरून कोण उचलणार, याचं उत्तर मला आपल्या विभागाकडून हवं आहे.

आपली,
एका दिव्यांग मुलाची आई