सौर वादळाचा बावटा कोण चढवणार?

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार

सविनय नमस्कार.

सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या आदित्य-एल१ यानाबद्दल आपले आणि शास्त्रज्ञांचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. मला त्यापुढचे विचारायचे आहे. या यानाने रात्री दोन वाजता सौर वादळाच्या धोक्याची खूण टिपली, तर फोन कोणाचा वाजणार?

सूर्यावर भडका उडाला की त्याचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत इथे पोहोचतात. प्रकाशाच्याच वेगाने येणाऱ्याची आगाऊ वर्दी कोण देणार? तिथे फार तर शक्यता वर्तवता येते. सूर्याने उधळलेला प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा, ढग मात्र साधारण एक ते तीन दिवस घेतो, आणि खरी गोम तिथेच आहे. ढग निघाल्याचे कॅमेऱ्यात दिसते, वेगाचा अंदाजही बांधता येतो. दिसत नाही ते त्याच्या पोटातल्या चुंबकीय क्षेत्राचे तोंड. ते उत्तरेकडे असेल तर बहुधा थोडक्यात निभावते. दक्षिणेकडे असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळते आणि ऊर्जा आत शिरते. हे खात्रीने कळते ते ढग यानावरून जाताना, म्हणजे पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर. सेकंदाला ८०० किलोमीटर वेगाचा ढग तिथून अर्ध्या तासात आपल्याकडे येतो. अर्ध्या तासात आपल्याकडे बैठकीची वेळसुद्धा ठरत नाही.

१३ मार्च १९८९ रोजी अशाच सौर वादळाने कॅनडातल्या क्यूबेकची वीजयंत्रणा दीड मिनिटात कोसळली आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. आपण विषुववृत्ताजवळ असल्याने तसा धोका आपल्याला कमी. देशभर अंधार होणार असल्या बातम्या मला पटत नाहीत. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. २ सप्टेंबर १८५९ च्या वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय नोंद सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घसरली होती, आणि जगभरचे अभ्यासक आजही त्या नोंदीकडे वळतात.

आपले रोजचे दुखणे वेगळे आहे. सूर्यास्तानंतर आपल्या डोक्यावरच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, विरळ प्लाझ्माचे बुडबुडे उठतात आणि उपग्रहांचे संदेश लुकलुकू लागतात. स्थाननिश्चिती चुकते ती यामुळे, आणि वादळात या बुडबुड्यांची वेळ-काळ बिघडते. शिवाय वादळात वातावरण तापून फुगते आणि खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना मागे खेचते. फेब्रुवारी २०२२ मध्ये अगदी मामुली वादळात उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकच्या नव्या ४९ उपग्रहांपैकी सुमारे ४० उपग्रह गेले.

बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की काय करायचे, हे मच्छीमारांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. तसे इथे व्हावे. वादळाच्या कोणत्या पातळीला उपग्रहचालकांनी काय थांबवायचे, विमानांनी कोणती संपर्कव्यवस्था धरायची, वीजभार कोणी हलवायचा, हे आधीच लिहून ठेवा. इशारा देण्याचा अधिकार चोवीस तास चालणाऱ्या एकाच कक्षाकडे असू द्या. पाच संस्थांनी पाच इशारे दिले तर कोणीच हलत नाही. आणि दिलेला प्रत्येक अंदाज खरा ठरला की फसला, हे दर महिन्याला जाहीर करा. फसलेले झाकले तर पुढच्या इशाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

शेवटची विनंती. आदित्य-एल१ २ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावले आणि त्याचे नियोजित आयुष्य पाच वर्षांचे आहे. त्याची जागा घेणाऱ्या यानाला मंजुरी मिळाली आहे का, आणि नसेल तर केव्हा मिळणार, एवढे लेखी कळवावे.

आपला,
एक खगोलप्रेमी नागरिक