जुना रेग्युलेटर आणि त्याचा खरा खर्च : एका काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

मालवणच्या समुद्रात वापरण्यासाठी स्कुबा डायव्हिंगचा जुना रेग्युलेटर (टाकीतल्या हवेचा दाब उतरवून ती श्वास घेण्याजोगी करणारे साधन) विकत घ्यावा का, या माझ्या प्रश्नासाठी आपण मंगळवार पेठेतल्या आपल्या घरी जो वेळ आणि जी चिकाटी खर्च केलीत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याची परवानगी आपण नाव न घालण्याच्या अटीवर दिलीत, म्हणून नाव घालत नाही. एवढेच सांगते की, मुंबईच्या गोदीत पाण्यात बुडी मारून काम करणाऱ्यांची उपकरणे दुरुस्त करण्यात आपली नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर आपण कोल्हापुरात, म्हणजे घाटाच्या या अंगाला येऊन राहिलात. पत्र जाहीर करण्याचे कारण असे की, सुट्टीला तारकर्ली-मालवणला जाऊन डायव्हिंग शिकलेले आणि आता स्वतःची साधने घेऊ पाहणारे इथले काही जण मला तोच प्रश्न विचारू लागले आहेत, आणि माझ्याकडे आपल्याच शिकवणीवाचून सांगण्यासारखे काही नाही.

किनाऱ्यावरच्या एका व्यावसायिकाने मला 16,000 रुपयांना एक संच देऊ केला होता. टाकीला जोडायचा फर्स्ट स्टेज, तोंडात धरायचा सेकंड स्टेज, ऑक्टोपस म्हणजे जादा सेकंड स्टेज आणि टाकीतला दाब दाखवणारे प्रेशर गेज, सगळे एकत्र. नव्या साध्या संचासाठी मला 44,000 रुपये सांगितले गेले होते, त्यामुळे माझ्या मते सौदा जवळजवळ ठरलेला होता. आपण मात्र किमतीबद्दल एक शब्दही न विचारता मॉडेल कोणते, त्याचे सुटे भाग अजून येतात का आणि शेवटच्या सर्व्हिसिंगची पावती कुठे आहे, असे विचारलेत. पावती नव्हती. त्यावर दिनदर्शिकेचे फाडलेले पान उलटे करून आपण जो हिशेब मांडलात, तो मी जपून ठेवला आहे.

पावती नसलेला रेग्युलेटर सर्व्हिसिंग न झालेलाच धरायचा, हे आपले पहिले सूत्र. म्हणजे फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज आणि ऑक्टोपस या तिन्हींसाठी बदलायच्या सुट्या भागांचे स्वतंत्र किट लागणार. मी चौकशी करून आणलेल्या दरांनी ते सुमारे 9,000 रुपये झाले. तिन्ही उघडून, साफ करून, पुन्हा जुळवण्याची मजुरी कुरिअरसकट 6,000. रबरी होजना, म्हणजे हवेच्या नळ्यांना, धातूच्या टोकापाशी बारीक चिरा होत्या. आपण होज बोटावर वाकवून त्या मला दाखवल्यात, आणि तिन्ही होज बदलण्याचे 8,000 त्यात मिळवलेत. एकूण 23,000. सौद्याची रक्कम धरून 39,000. नव्या संचात आणि त्यात पाच हजारांचे अंतर उरले, आणि त्या पाच हजारांसाठी कंपनीची हमी सोडायची होती. काही कंपन्या सर्व्हिसिंगचे भाग आयुष्यभर मोफत देण्याची योजना चालवतात, पण ती बहुतेक वेळा मूळ खरेदीदारापुरती असते आणि वेळच्या वेळी केलेल्या सर्व्हिसिंगच्या नोंदींवर अवलंबून असते. दुसऱ्या मालकाला तिचा उपयोग नसतो, हेही तेव्हाच कळले.

एवढ्यावर आपण थांबला असतात तरी मी आभारच मानले असते. पण आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी वस्तू बघावी, असे म्हणून आपण मला तो संच आणि एक भरलेली टाकी दोन दिवसांसाठी मागून आणायला सांगितलेत. त्या दुपारी मी जे शिकले, ते कुठल्याही प्रशिक्षणात मला कोणी शिकवलेले नव्हते. टाकीला जोडण्याआधीच आपण फर्स्ट स्टेजच्या तोंडाचे झाकण, म्हणजे डस्ट कॅप, घट्ट लावून सेकंड स्टेजमधून श्वास ओढायला सांगितलेत. हवा अजिबात येता कामा नये. येत असेल तर सेकंड स्टेजमधला डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, फाटला आहे, उच्छ्वासाची झडप नीट बसत नाही किंवा डबीला तडा आहे, आणि जिथून हवा शिरते तिथूनच पाण्याखाली पाणी शिरते. ही परीक्षा तो संच उत्तीर्ण झाला. मग आपण भिंग लावून फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेली धातूची गाळणी पाहिलीत. ती हिरवट झाली होती. खारे पाणी कधीतरी आत गेले आहे आणि आतल्या पितळेला त्याने धरले आहे, असा त्याचा अर्थ. तीच गाळणी तांबूस भुकटीने भरलेली असती, तर दोष गंजलेल्या पोलादी टाकीचा असता. बाहेरचा क्रोमचा मुलामा चकचकीत होता आणि मी इतके दिवस त्याच्यावरच भाळले होते.

खरा निकाल लागला तो प्रेशर मोजताना. टाकीतल्या हवेचा दाब 200 बारच्या आसपास असतो; फर्स्ट स्टेज ती भोवतालच्या दाबापेक्षा साधारण 9 ते 10 बार अधिक इतक्यावर आणते आणि तोंडातला सेकंड स्टेज ती श्वास घेण्याजोगी करतो, हे मला पाठ होते. पण मधला तो दाब घरच्या टेबलावर मोजता येतो, हे माहीत नव्हते. तरंगण्याच्या जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या होजला आपण आपले छोटे गेज जोडलेत, सेकंड स्टेजवरचे हवा सोडणारे पर्ज बटण काही वेळा दाबून सोडलेत आणि मला काट्याकडे बघत बसायला सांगितलेत. चांगल्या फर्स्ट स्टेजमध्ये बटण सोडताच काटा एका जागी येऊन थांबतो. इथे तो साडेनऊवर आला, क्षणभर थबकला आणि मग हळूहळू अकराच्या पुढे सरकत राहिला. हवा अडवणारी आतली सीट झिजल्यामुळे हवा थेंबाथेंबाने आत सुटते आहे, असे आपण म्हणालात, आणि पाठोपाठ सेकंड स्टेजमधून सूं असा बारीक आवाज यायला लागला. तोही आपण समजावून सांगितलात: आजच्या बहुतेक सेकंड स्टेजची झडप अशी असते की मागचा दाब वाढला तर ती उघडते, त्यामुळे असा बिघाड झाल्यावर हवा सहसा बंद पडत नाही, उलट वाहत सुटते. जीव वाचण्याच्या दृष्टीने हे बरे, पण वाहत सुटलेली हवा टाकी बघता बघता रिकामी करते.

हा संच घेऊ नकोस, असे आपण सरळ सांगितलेत. विक्रेता आपल्याही ओळखीचा होता, हे मला नंतर कळले. त्या ‘नको’साठी हे पत्र आहे, असे म्हटले तरी चालेल.

पुढे जो दुसरा संच मी घेतला, तोही जुनाच, 12,000 रुपयांचा, पण पावत्यांसह. त्याचा फर्स्ट स्टेज साध्या पिस्टनचा, ज्याला अनबॅलन्स्ड म्हणतात तसला. टाकीतला दाब उतरत गेला की त्याचा मधला दाबही थोडा उतरतो आणि श्वास किंचित जड होतो. खोलवर जाणाऱ्यांना ते सहसा चालत नाही. पण मालवणजवळ मी जाते त्या दहा-बारा मीटरला तो फरक मला तरी जाणवलेला नाही. हलणारे भाग मोजकेच, म्हणून किट स्वस्त आणि मजुरी कमी. त्याची एकच खोड आपण सांगून ठेवलीत: डायफ्रॅमच्या फर्स्ट स्टेजमध्ये आतली यंत्रणा पाण्यापासून झाकलेली असते, इथे पिस्टनच्या स्प्रिंगपाशी समुद्राचे पाणी थेट पोहोचते, म्हणून धुण्यात हयगय चालणार नाही. दोन होज आणि पूर्ण सर्व्हिसिंग धरून मला तो 28,500 रुपयांना पडला.

उद्यमनगराबद्दल आपण जे म्हणालात, ते इथल्या वाचकांसाठी मुद्दाम लिहिते. आपल्या कोल्हापूरकरांना उद्यमनगरात काय वाटेल ते घडवून मिळते, त्यामुळे रेग्युलेटरची सीट लेथवर काढून घेऊ आणि ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारी रबरी कडी, बेअरिंगच्या दुकानातून आणू, हा विचार मनात येतोच. माझ्या भावाने तर मापेही घेतली होती. आपण त्याला शांतपणे समजावलेत की ओ-रिंगचे माप जुळले म्हणून काम संपत नाही, रबराचा कठीणपणाही जुळावा लागतो. नेहमीची 70 कठीणपणाची रिंग जिथे 90 ची हवी तिथे बसवली, तर ती उच्च दाबाखाली फटीत दाबली जाऊन फाटते. सीटच्या बाबतीत तर प्रयोगाचा विचारही नको. मात्र रिंग उकरून काढायची पितळी सळई आणि खाचेत बसणारा पाना आपण तिथूनच करून घेतला होतात, आणि पितळीच का, तर पोलादाच्या टोकाने खाचेत ओरखडा पडला की नवी रिंगही गळते. गुजरीतल्या सराफांकडचे अल्ट्रासॉनिक यंत्र सुटे भाग धुवायला उत्तम, पण त्यांचे द्रावण वापरू नये, आपले सौम्य द्रावण वेगळ्या भांड्यात घालून ते भांडे यंत्रात ठेवावे, ही सूचना ऐकून तिथले कारागीरसुद्धा हसले आणि तयार झाले.

हे सगळे येत असूनही आपण माझा संच स्वतः उघडला नाहीत. त्या मॉडेलचे अधिकृत किट आणि कंपनीची नेमकी मापे हातात नसताना दुसऱ्याच्या श्वासाची जबाबदारी घेणार नाही, असे आपण म्हणालात आणि अधिकृत तंत्रज्ञाकडे पाठवलेत. आपल्या हाताची सफाई पाहिल्यामुळे मला तेव्हा थोडे वाईट वाटले होते; आज त्या नकाराचे मोल अधिक वाटते.

एका बाबतीत मात्र मी अजून आपल्याशी वाद घालते. न वापरलेला रेग्युलेटरही दर वर्षी उघडावा, हा आपला आग्रह. काही कंपन्या दोन वर्षे किंवा 100 डाइव्ह, यांपैकी जे आधी होईल ते, अशी मुदत देतात आणि मधल्या वर्षी फक्त तपासणी सांगतात. मी कंपनीचे ऐकायचे ठरवले आहे, पण मधल्या वर्षी आपल्या गेजवर काटा पाहून घेण्याच्या अटीवर. आणि वर्षातून एखाद्या वेळीच समुद्रात उतरणाऱ्याने रेग्युलेटर घेऊच नये, नीट बसणारा मास्क घ्यावा आणि बाकी सगळे भाड्याने वापरावे, हे आपले मत मला पूर्ण पटते. मला विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी तेच सांगते.

आपण लावलेल्या सवयी पाळते आहे. गगनबावड्याच्या वाटेला लागण्याआधी मालवणातच गोड्या पाण्यात संच भिजवते, कारण मीठ वाळून खडे झाले की घरच्या बादलीत ते सहजी सुटत नाही. डस्ट कॅप आधी पुसून कोरडी करते, मगच लावते. भिजत असताना पर्ज बटणाला हात लावत नाही, कारण त्याने झडप उघडते आणि पाणी होजमधून मागे जाते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवरच्या खोलीत न ठेवता, होज न मुडपता, सावलीत ठेवते.

हंगाम सुरू होण्यापूर्वी काटा पाहायला येणार आहे. तंत्रज्ञाकडून बदललेले जुने भाग परत मागून घे, असे आपण सांगितले होतेत. ते डबीत ठेवले आहेत, पावत्यांसह आणते. सोबत राजारामपुरीतले दोघे जण त्यांना देऊ केलेला एक जुना संच दाखवायला येऊ इच्छितात. आपल्याला कोणता वार सोयीचा पडेल, ते कृपया कळवावे.

आपली नम्र,
आपली एक विद्यार्थिनी
कोल्हापूर