गाडीची किल्ली आणि पंचावन्न इंची टीव्ही

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे सगळे फोनवर सांगायला गेले असते तर बाबांनी मध्येच 'बरं, ठेवतो' म्हटले असते आणि आईने विषय भाजीवर नेला असता, म्हणून पत्र लिहिते आहे. येत्या गुरुवारी दुपारी बारानंतर आपल्याकडे पंचावन्न इंची टीव्ही आणि त्याच्याखाली लावायचा एक लांबट स्पीकर येईल. पैसे भरून झाले आहेत, त्यामुळे 'कशाला एवढा खर्च' म्हणण्याची वेळ टळली आहे. आजोबांच्या तसबिरीला हात लागणार नाही. कॅलेंडर तेवढे स्वयंपाकघरात न्यावे लागेल, आणि ते तिथेच हवे असे आई गेली दहा वर्षे म्हणतेच आहे. जुना टीव्ही बदल्यात दिल्यामुळे किंमत उतरली, दिवाळीचा बोनस तसाच पडून होता, शिवाय दर पंधरवड्याची दोन तिकिटे, मध्यंतरातला चहा आणि पेट्रोल धरले तर दोन-तीन वर्षांत हे पैसे वसूल होतात. खरे सांगायचे तर हा हिशेब मी तुमच्यासाठी कमी आणि माझी समजूत घालण्यासाठी जास्त मांडला आहे.

बाबा, 'छावा' पाहायला गेलात तेव्हा पायऱ्यांवरचा दिवा बंद होता, ही चूक त्या थिएटरची, तुमची नव्हे. परंतु पडल्यानंतर सुजलेल्या गुडघ्याने, मागे आईला बसवून, रात्री बारा वाजता विश्रामबागेहून सांगलीच्या गावभागापर्यंत गाडी चालवत आलात आणि मला ते दोन दिवसांनी मावशीकडून कळले. मी फोन केला तेव्हा गुडघ्याचे नाव न काढता तुम्ही अर्धा तास ए. आर. रहमानवर बोललात. संभाजी महाराजांच्या सिनेमात डफ आणि तुतारी कानात घुमायला हवी, हे काहीतरी भलतेच वाजते आहे, असे तुमचे म्हणणे होते. ते मला निम्मेच पटते. 'आया रे तूफान'मध्ये वैशाली सामंतचा आवाज उठतो तिथे माझ्या अंगावर काटा आला. 'जाने तू' मात्र कुठल्याही शहरातल्या कुठल्याही जोडप्याचे गाणे वाटते, त्यात रायगड कुठेच दिसत नाही. अक्षय खन्नाच्या औरंगजेबाबद्दल आपले एकमत आहे. आवाज न चढवता त्याने जेवढी भीती घातली, तेवढी इतरांना गर्जना करूनही घालता आली नाही.

आई, आता तुझ्याबद्दल. 'सैयारा' पाहून आल्यापासून तू दूध उतू गेले की घाबरतेस, असे मावशी म्हणाली. त्यातल्या वाणीला कोवळ्या वयात विस्मरणाचा आजार जडतो, तो पटकथेची सोय म्हणून. तुझे दूध उतू जाते ते तू मावशीशीच फोनवर बोलत असतेस म्हणून. तरीही रक्तातले बी-बारा तपासून घे, त्यात कमीपणा नाही. गाणी तुला आवडली याचे मला नवल वाटले नाही. एकाच अल्बमात इतके निरनिराळे संगीतकार म्हटल्यावर मला तू दुकानातून भरून आणायचीस त्या कॅसेटी आठवल्या, ज्यांच्या आतल्या कार्डावर तू बारीक अक्षरात गाण्यांची नावे लिहायचीस आणि नवे गाणे भरले की जुन्या नावावर एकच सरळ रेघ मारायचीस, खालचे नाव वाचता येईल अशी. २०१९च्या महापुरानंतर त्या गच्चीवर वाळत घातल्या होत्या. चिखल निघाला, शाई फुटली, पण रेघा दिसत होत्या. हल्ली गाणी सुटी-सुटीच येतात, आली तशी महिन्याभरात जातात, तशात सबंध अल्बम लोकांनी महिनोन्‌महिने ऐकावा हे मला बरे वाटले, जरी त्यातली निम्मी गाणी मला एकसारखीच रडकी वाटतात.

हे सगळे थिएटरात पाहण्यात आणि घरी पाहण्यात फरक आहे, हे मला कुणी शिकवायला नको. बाबा, सायकलच्या नळीवर टॉवेलची घडी टाकून मला भावे नाट्यमंदिरात नेणारे तुम्हीच. दुसऱ्या अंकात माझा डोळा लागायचा आणि पडदा पडल्यावर तुम्ही मला खांद्यावर घेऊन बाहेर यायचात. तुमच्या सदऱ्याचा साबणाचा वास मला अजून ओळखता येईल. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' इथेच, सांगलीत केले, हे शाळेत शिकण्याआधी मी तुमच्याकडून निदान पन्नास वेळा ऐकले होते. अशा माणसाला मी भिंतीवरचा टीव्ही पाठवते आहे.

गेल्या आठवड्यात मी 'दशावतार' पाहिला. सप्टेंबरात तो पाहून आल्यावर तुम्ही फोनवर एवढेच म्हणाला होतात की, 'प्रभावळकर एक्याऐंशीचे आहेत, बघून घे.' मला वाटले, अभिनयाबद्दल बोलता आहात. आता पाहिल्यावर कळले. नजर अधू झालेला बाबुली रंगमंच सोडायला तयार नाही आणि त्याने आता थांबावे म्हणून मुलगा काळजीपोटी त्याच्या मागे लागतो. मुलाची कुठलीच गोष्ट चुकीची नाही, तरी प्रत्येक वेळी माझा जीव बाबुलीकडेच जात होता. मध्येच बंद करून मी कपाटाचा खण उघडला.

बाबा, तुमच्या गाडीची किल्ली हरवलेली नाही. भाऊबिजेला निघताना मी ती माझ्या पर्समध्ये टाकली. पडल्यानंतरही तुम्ही सहा सिनेमे पाहिलेत आणि त्यातले चार रात्री साडेनऊचे, हे आईकडून कळल्यावर मला दुसरे काही सुचले नाही. दुसरी किल्ली महापुरातच गेली, हे मला ठाऊक होते. तुम्ही देवघरामागे आणि गव्हाच्या डब्यात शोधता आहात, असे आईने सांगितले तेव्हा मी 'सापडेल' म्हणाले. त्याची मला लाज वाटते.

किल्ली या पाकिटात आहे. परंतु अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही, यात मी तडजोड करणार नाही. सिनेमा दुपारच्या खेळाचा पाहावा, आईला घेऊन जायचे असेल तर रिक्षा करावी, पायऱ्या उतरताना मोबाइलची बॅटरी लावावी आणि लोक बघतील याचा विचार करू नये. घरी पाहाल तेव्हा खाली अक्षरे येतात ती चालू ठेवावीत. ऐकू येण्याचा प्रश्न नाही, पण 'दशावतार'मधली मालवणी मलासुद्धा अक्षरांशिवाय सगळी कळली नाही. टीव्हीवर पहिला सिनेमा 'आता थांबायचं नाय' लावा. रात्रशाळेत बसून दहावी देणारे महापालिकेचे कामगार तुम्हा दोघांनाही आवडतील. नाव मी मुद्दाम निवडलेले नाही.

आई, भडंग करशील तेव्हा बाबांच्या वाटणीत मीठ कमी घाल आणि मला सांगू नकोस की घातले. किल्लीला लाल दोरा बांधला आहे. ती दाराजवळच्या खिळ्यालाच अडकवत जा.

तुमची,
माई